मुलाच्या बार मित्झ्वाची तयारी: कुठून सुरुवात करू?

नवगावची_लेक (ठाणे)

शालोम सगळ्यांना.

थोरल्याचा बार मित्झ्वा, म्हणजे तेरावं वर्ष पूर्ण झाल्याचा सोहळा, पुढच्या वर्षी आहे. जन्म २० फेब्रुवारी २०१४, सकाळी आठचा. २०२७ मध्ये २० फेब्रुवारीला नेमका शनिवार येतोय, म्हणून आम्ही तोच शब्बाथ (आपला शनिवारचा विश्रांतीचा दिवस) धरून चाललोय. हॉलवाल्याला तोंडी सांगूनही ठेवलंय. आता जुलै लागलाय, म्हणजे हातात सात महिने.

मुलाला अलेफ-बेथ (हिब्रू मुळाक्षरं) ओळखता येतं, पण वाचताना अडखळतो. आजोबांनी शेमाची प्रार्थना आणि किद्दुश (शब्बाथच्या पेल्यावरची प्रार्थना) तोंडपाठ करून घेतलंय. बाकीच्या प्रार्थना तो देवनागरीत लिहिलेल्या वहीतून म्हणतो. मिस्टरांची शिफ्ट ड्युटी. माझ्या माहेरी मुलींना हिब्रू शिकवायची पद्धत नव्हती, त्यामुळे त्याच्या शेजारी बसून मला त्याची चूक काढता येत नाही. हे मला फार लागतं.

काय वाचायचं, रोज किती वेळ बसवायचं, तेफिलीन (प्रार्थनेच्या वेळी हाताला-डोक्याला बांधायच्या पेट्या) कुठून आणायचे, जेवणाचं कसं करायचं, सगळंच विचारायचंय. आणि एक. परवा रात्री झोपताना म्हणाला, "आई, सगळ्यांसमोर विसरलो तर?" मला उत्तर देता आलं नाही.

डिमोनाकर

ताई, आधी हॉलवाल्याला फोन करा. तारीख चुकलीय.

बार मित्झ्वा हिब्रू तारखेनं धरतात. २० फेब्रुवारी २०१४ म्हणजे २० अदार रिशोन (पहिला अदार महिना) ५७७४. त्या वर्षी दोन अदार होते. आपल्याकडे अधिक मास येतो ना, तसाच हा जादा महिना, १९ वर्षांत सात वेळा. ५७८७ मध्येही दोन अदार आहेत, त्यामुळे तुमच्या मुलाचा वाढदिवस पहिल्या अदारातच राहील. २० अदार रिशोन ५७८७ म्हणजे २७ फेब्रुवारी २०२७. तोही शनिवारच आहे, म्हणजे ऐन दिवशी शब्बाथ! २० फेब्रुवारीला तो अजून बारा वर्षांचाच असेल.

जन्म सकाळचा आहे हे लिहिलंत ते बरं झालं. सूर्यास्तानंतरचा असता तर तारीख २१ अदार झाली असती, वाढदिवस रविवारी गेला असता आणि पुढचा शब्बाथ ६ मार्चचा. त्या दिवशी पाराशा (आपल्या धर्मग्रंथाचा, तोराचा, त्या आठवड्याचा भाग) वायकहेल, वर शब्बाथ शेकालीम हा खास शब्बाथ, म्हणजे हफ्तारासुद्धा (तोरानंतर वाचायचा संदेष्ट्यांच्या ग्रंथातला उतारा) वेगळी. काही तासांच्या फरकानं मुलाचा सगळा अभ्यास बदलला असता. म्हणून नव्या आईबापांना मी नेहमी सांगतो, जन्माच्या दाखल्यावरची वेळ बघा, मग सूर्यास्ताची बघा.

रेवदंड्याचा

या दोन अदारांची एक गंमत आमचे आजोबा सांगायचे. जुळे भाऊ. थोरला पहिल्या अदाराच्या शेवटी जन्मला, धाकटा तासाभरानं दुसऱ्या अदाराच्या पहिल्या तारखेला. तेरावं वर्ष साधं निघालं, अदार एकच. मग धाकट्याचा बार मित्झ्वा महिन्याच्या सुरुवातीला आणि थोरल्याचा महिन्याच्या अखेरीस!

जुना_शिकवणारा (भायखळा)

नवगावच्या ताई, २७ फेब्रुवारीचा शब्बाथ म्हणजे पाराशा की तिस्सा. मी वाचलं आणि अंगावर काटा आला. का ते सांगतो.

की तिस्सा लांब आहे. पहिल्या दोन अलिया (वाचनाचे भाग) मिळूनच ९२ पासूक (वचनं) होतात. ते बघून घाबरू नका, ते हझान (प्रार्थना चालवणारे) वाचतील. तुमच्या मुलाकडे मफ्तीर आणि हफ्तारा. मफ्तीर म्हणजे शेवटचे तीन पासूक: मोशेचा चेहरा तेजानं उजळलेला, लोकांशी बोलून झालं की तो चेहऱ्यावर पडदा घ्यायचा, तो भाग. एवढे तीनच त्याला सेफेर तोरातून, म्हणजे हातानं लिहिलेल्या तोराच्या गुंडाळीतून, वाचायचेत. सेफेरमध्ये काना-मात्रा नसतात, सुरांच्या खुणा नसतात, म्हणून ते तीन पक्के पाठ हवेत. हफ्तारा छापील पुस्तकातून वाचायची असते. त्यात स्वरांच्या खुणा, तआमीम (सुरांच्या खुणा), सगळं असतं.

आणि ही हफ्तारा कोणाची? एलियाहू हन्नाबीची, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याची. कार्मेल डोंगरावरची. आपल्या सेफार्दी पद्धतीनं वीस पासूक. ज्याच्या नावानं आपण मलिदा करतो, ज्याच्या रथाच्या चाकाची खूण बघायला अलिबागजवळच्या खंडाळ्याला जातो (घाटातलं खंडाळा नव्हे), त्याचीच गोष्ट तुमचा मुलगा उभा राहून वाचणार आहे. बेने इस्राएलच्या, आपल्या कोकणातल्या ज्यूंच्या, पोराला याहून चांगला शब्बाथ मागून मिळाला नसता.

आता शिकवण्याचं.

पहिले दोन महिने हफ्ताराला हात लावू नका. नुसतं वाचन. रोज वीस मिनिटं, सकाळी, शाळेच्या आधी. आठवड्याला एकदा दोन तास बसवून काही होत नाही. रोजची वीस मिनिटंच कामाला येतात. अक्षर, खाली स्वर, जोडून आवाज. बोट अक्षराखाली फिरलं पाहिजे.

आणि ती देवनागरी वही हळूहळू बाजूला करा. हेत आणि खाफ, अलेफ आणि आयिन, या अक्षरांना देवनागरीत वेगळं रूपच नाही. वहीतून शिकलेला मुलगा दोन्हीकडे एकच आवाज काढतो, आणि पुढे आयुष्यभर वही नसली की गप्प बसतो. मी अशी चाळिशीची माणसं बघितलीत. बार मित्झ्वा थाटात झालेला, आज सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) हातात दिला की पान सापडत नाही. मला त्याचं वाईट वाटतं, कारण चूक त्यांची नव्हती. आम्हा शिकवणाऱ्यांनी त्यांना एका दिवसापुरतं तयार केलं.

कुर्ल्याचा_बाप

काका, मान ठेवून बोलतो, पण वहीबद्दल मला वेगळं वाटतं. माझा मुलगा देवनागरीतूनच शिकला. शिकवायला माणूस आठवड्यातून एकदा मिळायचा, तोही दीड तास प्रवास करून यायचा. वही नसती तर पोरानं हातच टेकले असते. त्या दिवशी त्यानं बेराखा (आशीर्वचन) मोठ्यानं म्हटली, सगळ्यांनी आमेन म्हटलं, माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी. ते खोटं होतं का?

जुना_शिकवणारा (भायखळा)

खोटं अजिबात नव्हतं भाऊ. माझे शब्द कडक झाले. तोरावर बोलावल्यावरच्या दोन बेराखा, एक वाचनाआधीची, एक नंतरची, वहीतून पाठ केल्या तरी चालतील, त्या पाठच करायच्या असतात. माझं म्हणणं मफ्तीर आणि हफ्तारेपुरतं. त्यात अक्षरावर नजर नसेल तर मुलगा एका शब्दावर घसरला की कुठून पुन्हा धरायचं ते त्याला कळत नाही. वाचता येणारा घसरतो आणि त्याच जागी उभा राहतो.

ताई, तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. त्याला सांगा, विसरलास तर शेजारी दोघं उभे असतील. शब्दाचा अर्थ बदलेल अशी चूक झाली तर ते हळू आवाजात शब्द सांगतात, आपण पुन्हा म्हणायचा आणि पुढे जायचं. हे मोठमोठ्या हझानांनाही होतं. वाचनाची रीतच तशी आहे, सेफेरजवळ माणूस एकटा उभा राहत नाही.

आवाज फुटायचं वय आहे. सूर ठरवताना त्याला आता सोपं वाटतं त्यापेक्षा खाली धरा. फेब्रुवारीपर्यंत आवाज कुठे जाईल सांगता येत नाही.

डिमोनाकर

रेकॉर्डिंगबद्दल माझा अनुभव लिहून ठेवतो. भाच्याला आम्ही इंटरनेटवरून उतरवलेली हफ्तारा लावून दिली. त्यानं चार महिने घासून पाठ केली. मग हझानांनी ऐकली तर सूर अश्केनाझी (युरोपातल्या ज्यूंचा), उच्चार अश्केनाझी, आणि सुरुवातही वेगळी. हीच की तिस्साची हफ्तारा! अश्केनाझी पद्धतीत ती अध्यायाच्या पहिल्या पासूकपासून सुरू होते, म्हणजे ३९ पासूक. पोर रडलं. निम्मं पाठांतर वाया गेलं होतं आणि उरलेल्या निम्म्याचा सूर बदलायचा होता.

तुमच्या सिनेगॉगात जो माणूस वाचतो त्याच्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करून घ्या. तीन-तीन पासूकांचे तुकडे करा. शनिवारी फोन लावायचा नाही हे मुलाला आतापासून सांगा, त्या दिवशी तोंडी उजळणी.

सायली_पुणे

मी ज्यू नाही. लहानपणी रास्ता पेठेजवळ राहायचो, लाल देवळावरून (ज्यूंच्या सिनेगॉगला पुण्यात असंच म्हणतात) रोज शाळेत जायचे, आत काय चालतं हे तेव्हा कधी कळलं नाही. हा धागा वाचून एक विचारावंसं वाटलं. हे साधारण आमच्या मुंजीसारखंच ना? वय, मंत्र, वडिलांनी मांडीवर घेऊन शिकवणं?

जुना_शिकवणारा (भायखळा)

सायलीताई, बरं झालं विचारलंत. दिसायला सारखं आहे, आणि आमच्या घरांतही लोक समजावून सांगताना "मुंजीसारखं" म्हणतात. एक फरक मोठा आहे. मुंज करावी लागते, केल्याशिवाय ती होत नाही. बार मित्झ्वा मात्र मुलगा होतोच. तेरावं वर्ष पूर्ण झालं त्या संध्याकाळी तो झाला, हॉल असो नसो, नातेवाईक येवोत न येवोत. त्या क्षणापासून आज्ञा पाळण्याची जबाबदारी त्याची. आपण करतो तो त्याचा आनंद.

म्हणूनच त्या दिवशी बाप एक छोटी बेराखा म्हणतो, "बारूख शेपेतारानी". ज्यानं मला याच्या जबाबदारीतून मोकळं केलं तो धन्य. आजवर मुलाच्या चुकीचा भार बापावर होता, आता ज्याचा त्याच्यावर. मी पुष्कळ बापांना हे वाक्य म्हणताना पाहिलंय. मुलगा न अडखळता वाचून जातो आणि बापाचा आवाज या एका ओळीत अडकतो.

रेवदंड्याचा

मलाही त्यातलं एक सांगायचंय. माझा बार मित्झ्वा मुंबईत झाला, आत्यानं केला, तेव्हा मला त्यातलं फारसं कळलं नाही. पुढच्याच महिन्यात गावी गेलो. सकाळी सिनेगॉगात नऊ माणसं बाकांवर बसून राहिलेली. मिन्यानला (सगळ्यांनी मिळून करायच्या प्रार्थनेला) दहा लागतात, दहा नसले तर सेफेर बाहेर काढत नाहीत, गेलेल्या माणसासाठीचं कद्दीश म्हणता येत नाही. एका म्हाताऱ्यांच्या भावाचं वर्ष होतं त्या दिवशी, ते दाराकडे बघत होते. मी आजोबांचा हात धरून आत शिरलो, आणि त्यांनी मला विचारलं, "तेरा झाली का रे?" आजोबा म्हणाले, "झाली." सगळे उठून उभे राहिले.

मी काही वाचलं नाही त्या दिवशी. नुसता उभा होतो. त्यांनी कद्दीश म्हटलं.

आता भारतात आपण सगळे मिळून जेमतेम चार-पाच हजार. कोकणातल्या सिनेगॉगांत दहा जमवायला फोनाफोनी करावी लागते. ताई, तुमचा मुलगा २७ तारखेनंतर दहांत मोजला जाणार. जमलं तर त्याच उन्हाळ्यात त्याला एकदा गावच्या सिनेगॉगात न्या.

अश्दोदची_आजी

वाचून डोळे भरले बाळांनो.

मी जेवणाचं आणि मलिद्याचं सांगते. मलिदा आदल्या गुरुवारी घरी करा, शनिवारवर ढकलू नका. पोहे धुऊन निथळत ठेवायचे, त्यात ताजा खवलेला नारळ, साखर, वेलची, बदाम-पिस्त्याचे काप. पोहे फार भिजवू नका, गोळा होतो. भोवती फळं मांडायची. खजूर, सफरचंद यांची बेराखा झाडाच्या फळाची. केळ्याची मात्र जमिनीच्या पिकाची, कारण केळीला खरं खोड नसतं. हे मुलाकडूनच म्हणवून घ्या. कुठल्या फळाला कुठली बेराखा हे ओळखणं हाही अभ्यासच आहे, आणि मुलांना तो आवडतो. वासासाठी सब्जाची पानं ठेवा.

किद्दुशला काळ्या मनुकांचं शरबत घरीच करा. मनुका रात्रभर भिजत घालायच्या, सकाळी त्याच पाण्यात उकळायच्या, कुस्करून फडक्यातून गाळायच्या. माझी आई त्या फडक्याला कधी साबण लावू द्यायची नाही.

आणि जेवणात चिकन असेल तर मागून आइसक्रीम नको, रायतं नको. केटरर हमखास विसरतो. नारळाच्या दुधाची बिर्याणी ठेवा, नारळाचंच काहीतरी गोड ठेवा.

मुलाचं भाषण मराठीत होऊ द्या. इथे माझ्या नातवंडांना मराठी समजतं पण उत्तर हिब्रूत देतात. तुमच्याकडे अजून मराठी आहे.

आग्रीपाड्याची_मावशी

सगळं मुलांचंच चाललंय म्हणून लिहिते. माझी मुलगी पुढच्या महिन्यात बारा वर्षांची होईल. मुलींचं वय बाराच. आमच्या सिनेगॉगात मुलींना तोरा वाचायला बोलावत नाहीत, आम्ही बायका वर गॅलरीत बसतो. मग तिनं काय करायचं?

डिमोनाकर

मावशी, मुंबईत १९२५ मध्ये डॉ. जेरुशा झिराड यांनी ज्यूइश रिलिजस युनियन सुरू केली, त्यांच्या रोदेफ शालोम सिनेगॉगमध्ये बायका-पुरुष एकत्र बसतात. तिथे जाऊन विचारा. आणि तुमचंच सिनेगॉग धरायचं असेल तर शुक्रवारी दिव्यांची बेराखा तिनं पहिल्यांदा सगळ्यांसमोर म्हणावी, पाराशावर पाच मिनिटं बोलावं. पण तयारी मुलाइतकीच करून घ्या. तिलाही रोज वीस मिनिटं. नवगावच्या ताईंनी वर काय लिहिलंय ते बघा, मुलाची चूक काढता येत नाही म्हणून. तुमच्या मुलीला पुढे असं लिहावं लागू नये.

नवगावची_लेक (ठाणे)

हॉल बदलला, २७ तारीख मिळाली!

तेफिलीनचं राहिलं. मिस्टरांचे मामा इस्राएलहून येणार आहेत, त्यांना सांगू का? मुलगा डावखुरा आहे, त्यानं काही फरक पडतो का?

जुना_शिकवणारा (भायखळा)

पडतो, आणि हे मागवायच्या आधीच सांगायला हवं. उजवा माणूस डाव्या दंडावर बांधतो, डावखुरा उजव्या. हाताच्या तेफिलीनची गाठ त्याप्रमाणे उलटी बांधलेली लागते. मामांना सांगा, सोफेरनं (हे उतारे हातानं लिहिणाऱ्यानं) तपासलेले घ्या आणि "डावखुऱ्यासाठी" असं दोनदा सांगा. आत हातानं लिहिलेले तोराचे चार उतारे असतात. हाताच्या पेटीत चारही एकाच चर्मपत्रावर, डोक्याच्या पेटीत चार कप्प्यांत चार. ते दिसत नाहीत म्हणून लोक स्वस्तातले घेतात. तसं करू नका, बाकी खर्च कमी करा. आपल्या पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नका, पट्ट्यांना बुरशी धरते.

शब्बाथला तेफिलीन बांधत नाहीत. म्हणून पहिल्यांदा सोमवारी, १ मार्चला, सकाळी सिनेगॉगात बांधू द्या. सोमवारी तोरा वाचतातच, त्याला पुन्हा बोलावतील. फोटो काढायचे ते त्या दिवशी. सराव मात्र महिनाभर आधीपासून आजोबांबरोबर. हातावरचे सात वेढे पहिल्या आठवड्यात सैल पडतात.

एलूल महिना लागला की त्याला सेलिहोथला (पहाटेच्या क्षमेच्या प्रार्थनांना) घेऊन जा, पहाटे उठेल का बघा. त्यात दयेचे तेरा गुण म्हणतात, ते याच की तिस्सा पाराशातले आहेत. शनिवारच्या किद्दुशमधलं "वेशामरू" आजोबांनी शिकवलंय ना? तेही याच पाराशातलं. त्याला हे आधी सांगू नका. पाराशा वाचून घेताना त्याचं त्याला सापडू दे.

नवगावची_लेक (ठाणे)

दोन महिन्यांनी लिहितेय, माफ करा.

वाचन बरंच सुधारलंय. वही अजून आहे, पण उशाखाली. मीही अलेफ-बेथ शिकतेय, त्याच्याच शेजारी बसून. रोज तो मला एक ओळ वाचायला लावतो आणि माझी चूक काढतो. परवा मी पहिल्यांदा त्याची काढली, हेतच्या जागी हे म्हणाला होता. त्यानं पुस्तक उचलून पाहिलं आणि म्हणाला, "बरोबर."

भाषणाचा विषय त्यानंच शोधला. तीन वर्षं पाऊस नाही, आणि एलियाहू वेदीवर चार घागरी पाणी तीनदा ओतायला लावतो. "बारा घागरी, दुष्काळात!" आमच्या सोसायटीत मे महिन्यात टँकर येतो, तो बादल्या धरून रांगेत उभा राहतो, त्यामुळे त्याला ते फारच लागलं. आजोबांना विचारत होता की लोकांनी ते पाणी ओतू कसं दिलं. आजोबा म्हणाले, तेच तू भाषणात सांग. अजून त्याला उत्तर मिळालेलं नाही, आणि आम्हीही सांगितलेलं नाही.

दारफाळणीला (योम किप्पूरच्या उपासाला) यंदा त्यानं दुपारपर्यंत उपास धरला, पुढच्या वर्षी पूर्ण करायचाय म्हणून. संध्याकाळी नेइलाला, शेवटच्या प्रार्थनेला, सगळे पांढऱ्या कपड्यांत उभे, पाय थकलेले. मी वरून बघत होते. शेवटी सगळ्यांनी मिळून सात वेळा म्हटलं, हाशेम हू हाएलोहीम, परमेश्वर तोच देव. तिसऱ्या वेळेला त्यानं एकदम मान वर केली आणि आजोबांची बाही ओढली. घरी येताना मी विचारलं काय झालं होतं. म्हणाला, "आई, ही माझ्या हफ्ताराची शेवटची ओळ आहे. ही सगळ्यांना येते."

जुना_शिकवणारा (भायखळा)

ताई, २७ तारखेला मी ठाण्याला येतो. शुक्रवारी दुपारीच येईन, मुक्कामाची सोय जवळपास कुठेही चालेल.